पाळणाघर वाढवायचंय

"बंद केलं असं म्हणू नये, पोरी. दुकान 'वाढवलं' म्हणावं. बंद म्हटलं की लक्ष्मी उंबऱ्यावरूनच मागे फिरते."

वसुंधराबाईंचे वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. देवगडच्या बाजारातलं त्यांचं किराणा मालाचं दुकानही केव्हाच दुसऱ्याच्या हातात गेलं होतं. पण तो आवाज मात्र कुठे गेला नव्हता. वसुंधराबाईंच्या घरात दिवा कधी विझला नाही, तो वाढवला. बांगडी फुटली नाही, वाढवली. नारळसुद्धा वाढवायचाच. त्यांचा मुलगा संग्राम लहानपणी या बोलण्याची फार टर उडवायचा. "आई, माझा गणिताचा पेपर वाढला," असं सांगून त्यानं एकदा नापास झाल्याची बातमी दिली होती, आणि पोरानं वाईट शब्द तोंडी आणला नाही म्हणून त्यांनी कौतुकानं त्याच्या हातावर साखर ठेवली होती.

मनवेलपाड्यातल्या दोन खोल्यांमध्ये त्यांची सकाळ फार लवकर सुरू व्हायची. आंघोळ, पूजा, पोथीचं एक पान. सोमवार, चतुर्थी, एकादशी हे तर होतंच, पण यजमान गेल्यापासून त्यांनी आणखी एक नेम धरला होता. रोज एका तरी लेकराच्या मुखात घास घातल्याशिवाय आपण जेवायचं नाही. त्यापायी पूर्वी ताटली घेऊन शेजारपाजारचं पोर शोधत फिरावं लागे. कुणाला ते वेड वाटे, कुणाला सोय. मग वसईच्या कॉलेजात पाळणाघर निघालं आणि देवानं एकदम खोलीभर लेकरंच पुढ्यात बसवली.

कॉलेज म्हटलं तरी ते काही मोठ्या इमारतीचं, गॅदरिंगचं कॉलेज नव्हतं. एका ट्रस्टच्या जुन्या शाळेच्या मागच्या अंगाला पाच-सहा खोल्या. नाव कम्युनिटी कॉलेज. दहावीला अडकलेल्या, मध्येच शाळा सुटलेल्या पोरापोरींना वर्षभरात हाताला काम मिळेल असं काही शिकवायचं, एवढाच त्याचा हेतू. आधी शिवण, टायपिंग आणि फ्रिजदुरुस्ती होती. दोन हजार चारच्या जूनमध्ये रुग्णसहायिकेचा वर्ग सुरू झाला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कसं उठवायचं, कसं पुसून काढायचं, नाडी कशी मोजायची, असलं शिक्षण. पोरी आल्या तशा महिन्याभरात गळायलाही लागल्या. घरी तान्हं, आणि तान्ह्याला बघायला कुणी नाही. तेव्हा नालासोपाऱ्याच्या ऋतिका मॅडमनी प्राचार्य सदानंद सरांशी भांडून पाळणाघर मिळवलं. मॅडम वयानं लहान होत्या आणि त्यांचं काम नवीनच निघालेलं. विद्यार्थ्यांच्या अडचणी ऐकायच्या, नोकरीचं बघायचं, दवाखान्यांशी बोलायचं. त्याला सगळे 'स्टुडंट सर्व्हिस' म्हणायचे. शत्रुघ्न शिपाई मात्र 'सर्व्हिस' एवढंच म्हणायचा, त्यामुळे नवीन पोरींना वाटे की मॅडम कुठल्या तरी गॅरेजच्या आहेत.

पाळणाघराला बाई हवी होती, वसुंधराबाई मिळाल्या. सगळ्यांच्या त्या मावशी झाल्या. मावशींचा आवाज इतका हळू की रडणारं पोरही ऐकायला म्हणून गप्प बसे.

विनी त्याच वर्गात होती. पाचूबंदरची कोळ्यांची पोर, नवरा अँथनी होडीवर, गेला की आठवडाभर दर्यावर. तिचा सोनू तेव्हा जेमतेम रांगायला लागलेला आणि भलता हट्टी. परक्या माणसानं उचललं की काळानिळा होऊन रडायचा. पहिल्या दिवशी विनीची सासू मार्था स्वतः पाळणाघर बघायला आली होती. डोक्यावरची मासळीची टोपली दाराबाहेर ठेवून ती आत शिरली, पाळण्याची दोरी ओढून पाहिली, दुधाच्या पातेल्यात वाकून पाहिलं.

"परक्या म्हाताऱ्यांना न्हाऊ घालायला शिकाया कॉलेज लागते काय गो?" ती विनीला म्हणाली. "मना घाल की न्हाऊ. फुकटात शिकशील."

"आय, गप ना," विनी पुटपुटली.

मार्था मग मावशींकडे वळली. "पोराला बघनार कोन?"

"मी," मावशी म्हणाल्या.

"आज तू बघनार. उद्या दुसरीच कोनतरी. हा कोनाकडं ऱ्हात नाय, सांगून ठेवते. एक दिस जरी पोर रडून आजारी पडला ना, तं ही माझ्यासोबत धक्क्यावर. मंग परीक्षा नाय नि बिरीक्षा नाय."

सोनू त्या वेळी मावशींच्या मांडीवर बसून त्यांच्या पदराचं टोक चघळत होता. मावशी त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हिची परीक्षा होईपर्यंत हा माझ्या मांडीवर. दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही. शब्द देते."

मार्थानं बाहेर जाऊन टोपलीतले चार ताजे बोंबील केळीच्या पानात बांधून आणले.

"आज सोमवार हो," मावशी संकोचून म्हणाल्या. "सोमवारी मी खात नाही."

"बघा! हिचा देव क्यालेंडर बघून जेवते," मार्था म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली. बोंबील शत्रुघ्नला मिळाले.

तेव्हापासून सगळं सुरळीत चाललं होतं. विनी हुशार निघाली. शिकवणाऱ्या सिस्टर म्हणत, हिच्या हाताखाली पेशंट निवांत पडून राहतो. वर्ष सरत आलं, मार्च उजाडला. सोमवारी दुपारी दोनला प्रात्यक्षिक परीक्षा होती, दवाखान्यात, मुंबईहून येणाऱ्या परीक्षकांसमोर. ती दिली की नोकरी जवळजवळ ठरलेली. नाही दिली तर वर्ष फुकट. आणि दुसरं वर्ष मार्था देणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच्या आधीच्या शुक्रवारी मावशी मुलांचं दूध गरम करून ऑफिसवरून चालल्या होत्या. दार लोटलेलं होतं. आतून सरांचा आवाज आला.

"पाळणाघर आता वाढवायचं. सोमवारपासूनच."

मावशींचे पाय जागीच थबकले.

"मावशींना मी सांगते ना, सर," ऋतिका मॅडम म्हणाल्या.

"आज नको. आधी खोलीचं पक्कं होऊ दे. ट्रस्टचे लोक आयत्या वेळी काय म्हणतील नेम नाही. उगाच बाईंच्या जिवाला घोर."

मावशींनी दुधाचं पातेलं पदरानं घट्ट धरलं आणि पावलांचा आवाज न करता तशाच पुढे गेल्या.

दुसऱ्या कुणी हे ऐकलं असतं तर त्याच्या मनात वेगळं काही आलंही असतं. पण ते सदानंद सर होते. सर आगाशीकडच्या जुन्या घरातले, बोलण्याची रीत सांभाळणारे. गणपतीत कॉलेजात पूजा झाली होती, तेव्हा संध्याकाळी निघताना त्यांनी शत्रुघ्नला सांगितलं होतं, "समई वाढव रे, मग कुलूप लाव." शत्रुघ्न खुळ्यासारखा समईत तेल ओतायला धावला आणि पोरी हसून हसून लोळल्या. मावशींना मात्र किती बरं वाटलं होतं. आपल्या बोलीतलं माणूस भेटलं, असं. त्याच माणसानं आज पाळणाघर वाढवायचं म्हटलं होतं, तेही त्यांना न सांगता, त्यांच्या जिवाला घोर नको म्हणून. यात अर्थ लावण्यासारखं उरलंच काय होतं?

त्या दिवशी त्यांनी सगळ्या मुलांना भरवलं, पण स्वतःचा डबा उघडून पुन्हा लावून टाकला. नेम पुरा झाला होता, घास मात्र उतरत नव्हता.

शनिवारी मनातली भीती पक्की करायलाच जणू शत्रुघ्न हातात सुतळी घेऊन आला. तो पाळण्यांची मापं घेऊ लागला.

"काय रे हे?" मावशींनी विचारलं.

"मावशी, हे लोखंडी पाळणे जड असतील, नाही? उद्या उचलायचेत."

"कुठे नेणार?"

"मला कोण सांगतंय? उचल म्हणाले, उचलणार. ठेव म्हणाले, ठेवणार. आपलं डोकं आपण घरी ठेवून येतो." तो स्वतःच्याच विनोदावर हसला आणि सुतळीला गाठ मारून निघून गेला.

सर समोरून आले तेव्हा त्यांनी "काय मावशी, ठीक ना?" एवढंच विचारलं आणि घाईघाईनं वळले. मावशींना तोंड उघडून विचारायचं होतं. ओठांपर्यंत आलंही होतं. पण ज्यांनी आपल्याला सांगायचं नाही असं ठरवलंय, त्यांना दारामागून ऐकल्याचं कसं सांगायचं? आणि त्यांनी हो म्हटलं तर?

दुपारी विनी सोनूला घ्यायला आली. तिच्या हाताला डेटॉलचा वास येत होता, तोंडानं नाडीचे ठोके मोजणं चालू होतं. "मावशी, सिस्टर बोलल्या, मी पास होनार! पक्की पास!" तिनं सोनूला उचलून हवेत उडवलं.

मावशींना तिच्यापासून लपवून ठेवणं पाप वाटलं. निदान तिला दोन दिवस आधी कळावं, काही सोय बघता यावी. त्यांनी तिला खिडकीशी नेलं.

"विनी, सोमवारपासून पाळणाघर इथे असेल असं दिसत नाही गं."

विनीचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून निघून गेलं. "कोन बोललं?"

"सरच म्हणत होते. मी या कानांनी ऐकलं."

"सोमवारी? सोमवारीच?"

"अगं, पण मी..." मी आहे ना, मी येईन, मी सोनूला घेऊन बसेन, असं सगळं मावशींना सांगायचं होतं. पण त्यांचं बोलणं मुळातच सावकाश, आणि तेवढ्यात टायपिंगच्या वर्गाची घंटा झाली. विनीनं खुंटीवरचं सोनूचं दुपटं ओढलं, बाटली पिशवीत कोंबली.

"आयला सांगितलं तं ती आजच धक्क्यावर उभी करेल मना," ती कुणाशीच न बोलल्यासारखी म्हणाली. "आनि नाय सांगितलं तं सोमवारी पोराला ठेऊ कुठं? तिच्या टोपलीत?"

"विनी, ऐक तरी..."

ती गेली होती. सोनू तिच्या खांद्यावरून मागे बघत मावशींकडे हात पसरत होता.

रविवार फार वाईट गेला. पोथीचं पान वाचून झालं आणि काय वाचलं ते आठवेना, म्हणून मावशींनी ते पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदाही तेच. संग्राम पलंगावर पेपर वाचत होता. आईनं मिठाच्या डब्यात साखर ओतलेली पाहून तो उठून बसला.

"काय झालंय?"

त्यांनी सांगितलं. 'वाढवायचं' हा शब्द मात्र सांगितला नाही. 'बंद होणार' असंच सांगितलं, कारण त्या शब्दाची संग्राम आजही टर उडवील असं त्यांना वाटलं.

"मग सरांना सरळ विचारायचं ना!"

"विचारलं की ते खरं होतं रे."

"आई, तुझं ना..." त्यानं पेपर बाजूला टाकला. "देवाला रोज उठून शंभर गोष्टी विचारतेस. तो एक अक्षर बोलत नाही. आणि जो माणूस समोर बसून बोलू शकतो, त्याला विचारायची मात्र तुला लाज."

"देव रागावत नाही," त्या म्हणाल्या.

"सर तरी कुठे मारणार आहेत?"

पाचूबंदरला जावं, असं दिवसभर मनात येत होतं. पण जाऊन सांगायचं काय? पाळणाघर नाही, पण मी आहे? परीक्षा दवाखान्यात, मूल धक्क्यावर, आणि आपण दिलेला शब्द मध्येच कुठेतरी. शिवाय मार्थाचं तोंड. शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं की सोमवारी सकाळी विनी येईल तेव्हा कॉलेजच्या अंगणात, झाडाखाली, कुठेही सोनूला घेऊन बसायचं. विनी येईलच. परीक्षा आहे, येईल.

सोमवारी त्या नेहमीपेक्षा लवकर पोचल्या. पाळणाघराचं दार सताड उघडं होतं. आत काहीच नव्हतं. पाळणे नाहीत, सतरंजी नाही, भिंतीवरची चित्रंसुद्धा काढलेली. खिळ्यांची भोकं तेवढी दिसत होती. मावशी उंबऱ्यातच खाली बसल्या.

"मावशी! अहो मावशी, इकडे नाही, तिकडे!" शत्रुघ्न हाका मारत आला. "सगळे तुमची वाट बघतायत."

त्यांना काही कळेना. शत्रुघ्ननं त्यांना जवळजवळ हाताला धरून नेलं. पुढच्या अंगाची वाचनालयाची मोठी खोली. तिला पिवळा रंग दिलेला, अजून ओला वास येत होता. सगळे पाळणे ओळीनं लावलेले, शिवाय दोन कोरे करकरीत नवीन. खिडकीला जाळी बसवलेली. ऋतिका मॅडम आणि सदानंद सर मधोमध उभे होते, आणि एक अनोळखी मुलगी ओढणी कमरेला खोचून फरशी पुसत होती.

"सरप्राईज!" मॅडम ओरडल्या. "मावशी, बघा तरी! संध्याकाळची बॅच सुरू होतेय ना, म्हणून पाळणाघर संध्याकाळी सातपर्यंत. आणि तुमच्या मदतीला ही स्वप्ना. शनिवारी रात्री नऊला ट्रस्टचा होकार आला, मग मी नाचलेच घरी."

"वाढवलं," मावशी म्हणाल्या.

"हो, वाढवलं! किती मोठं झालंय बघा."

"म्हणजे... मोठं केलं."

"मग दुसरं काय?"

मावशींनी दारातून बाहेर पाहिलं. रुग्णसहायिकेच्या पोरी एकेक करून येत होत्या, पांढऱ्या कोटांना इस्त्री केलेली, केस घट्ट बांधलेले. एक आली, दुसरी आली. विनी नव्हती.

"सर," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की सर जवळ आले. "मी शुक्रवारी दाराबाहेरून ऐकलं होतं. तुम्ही म्हणालात पाळणाघर वाढवायचं. मला वाटलं... आमच्याकडे दुकान वाढवतात ना, तसं."

मॅडमना काहीच समजलं नाही. शत्रुघ्ननं तोंड उघडलं, "म्हणजे बंद...?" आणि सरांचा चेहरा बघून मिटलं.

सरांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! आणि मीच त्या दिवशी समई वाढव म्हणालो होतो."

"मी विनीला सांगितलं, सर. शनिवारी. ती सामान घेऊन गेली."

आता मॅडमनाही समजलं. त्या धावत ऑफिसात गेल्या. विनीच्या घरी फोन नव्हता, पाचूबंदरच्या नाक्यावरच्या जॉनच्या दुकानात होता. खूप वेळ रिंग वाजली. मग जॉनचा आवाज इतका मोठा आला की बाहेर उभ्या मावशींनाही ऐकू आला.

"विनी? ती सासूबरोबर सकालीच धक्क्यावर गेली. होड्या लागल्यात, लिलाव हाय. कॉलेज? कॉलेजात नाय जानार ती आता. पालनाघर नाय ऱ्हायला म्हने. म्हातारी सगल्या बंदरात सांगत फिरते, बामनासारखी गोड बोलली नि पोराला रस्त्यावर टाकला."

मावशी बामण नव्हत्या, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

ऑफिसात एकच गोंधळ उडाला. मॅडम म्हणत होत्या की शत्रुघ्नला स्कूटरवर पाठवू, चिठ्ठी देऊ. शत्रुघ्न म्हणत होता, "मला बघितल्यावर म्हातारी सुरी घेऊन येईल हो, मागच्या वेळेला बोंबील खाल्ले तेव्हापासून हिशेब मागतेय." सर म्हणत होते की परीक्षकांना विनंती करू, पण ते मुंबईहून एकाच दिवसासाठी येणार. आणि आधीच एकीला ताप आल्यामुळे त्यांना एकदा विनंती करून झाली होती.

"पुढच्या बॅचला बसेल," मॅडम शेवटी हळूच म्हणाल्या.

"तिची सासू बसू देईल?" सरांनी विचारलं.

मावशी दाराच्या चौकटीला टेकून हे सगळं ऐकत होत्या. मार्थासमोर उभं राहायची कल्पनाच नको वाटत होती. भर लिलावात, सगळ्या बंदरादेखत ती काय काय बोलेल याचा नेम नव्हता. तिचं बोलणं खोटंही म्हणता येणार नव्हतं. चिठ्ठी पाठवली तर ती वाचणार कोण? शत्रुघ्न गेला तर सोनूला उचलणार कोण? आणि पोर परक्याकडे रडून आजारी पडेल या भीतीनं विनी त्याला मागे टाकून परीक्षेला येईल तरी कशी?

त्या नव्या खोलीत गेल्या. तोवर आलेली दोन-तीन मुलं स्वप्नाच्या अंगाखांद्यावर चढत होती.

"बाळ, दूध जाळीच्या कपाटात आहे," मावशींनी तिला सांगितलं. "फार गरम करू नकोस. त्या छोटीला मांडीवर घेतल्याशिवाय ती पीत नाही. आणि अकराच्या सुमाराला भात कालवून भरव."

"तुम्ही कुठे निघालात, मावशी?"

"जरा जाऊन येते. विनी परीक्षेला बसली आणि सोनू झोपला, की येते."

ऑफिसात अजून वाद चालू होता. मॅडम पुन्हा फोन फिरवत होत्या, सर दवाखान्याचा नंबर शोधत होते. कुणाचंही लक्ष नव्हतं. मावशींनी चपला घातल्या, पदर खांद्यावरून घट्ट ओढून कमरेला खोचला आणि मागच्या अंगणातून, शिवणाच्या वर्गाच्या खिडक्यांखालून रस्त्यावर आल्या. ऊन आताच चटके देऊ लागलं होतं. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यानं मान वर केली.

"पाचूबंदर," त्या म्हणाल्या. आवाज त्यालाही ऐकू गेला नाही, म्हणून त्यांनी घसा साफ करून पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं, "पाचूबंदर. अगदी धक्क्यापर्यंत."